लेव्हल वाढली की गेट आपोआप उघडायचं: विश्वेश्वरय्या आणि खडकवासला

रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करणारा मित्र असेल, तर त्याला विचारा, टाकी किती भरलीय हे कंट्रोल रूममध्ये बसून कसं कळतं? तो सांगेल, लेव्हल ट्रान्समीटर. टाकी रिकामी असेल तर तो ४ मिलिअँपिअर करंट पाठवतो, पूर्ण भरली की २०. पण लेव्हल ओळखून मशीननंच निर्णय घ्यायचा, हा प्रयोग पुण्याजवळ १९०३ मध्येच झाला होता. तोही सेन्सर, वायर यातलं काहीही न वापरता.

तो करणारे इंजिनिअर म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा वाढदिवस, १५ सप्टेंबर, आपण इंजिनिअर्स डे म्हणून साजरा करतो. जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या घेत बंगळुरूत शिक्षण झालं, मग म्हैसूर सरकारच्या स्कॉलरशिपवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. हेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले.

खडकवासल्याला अडचण साधी होती. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. भिंत उंच करणं खर्चाचं काम. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत येईस्तोवर दरवाजे बंद. खूण ओलांडली की पाण्याचा जोर आणि वजनांचा तोल यांवर ते आपोआप उघडायचे. लेव्हल उतरली की परत बंद. म्हणजे भिंतीला हात न लावता साठा वाढला. या डिझाइनचं पेटंटही त्यांनी घेतलं.

यात खरी मेख आहे ती खुणेत. खूण खाली धरली तर पाणी वाया, वर धरली तर धरणाला धोका. ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन म्हणजे हेच: रिकाम्या टाकीला झिरो, भरलेल्या टाकीला स्पॅन बरोबर लावायचा. समजा, दाबावर चालणारा ट्रान्समीटर पाण्यासाठी सेट केलाय आणि टाकीत पाण्याच्या ०.८ पट घनतेचं सॉल्व्हंट भरलं. टाकी काठोकाठ भरली तरी तो १६.८ मिलिअँपिअर, म्हणजे ८० टक्केच दाखवणार. ऑपरेटर भरत राहणार आणि टाकी ओव्हरफ्लो! म्हणून रीडिंगवर शंका आली की आधी साइट ग्लासवर किंवा टेप सोडून खरी लेव्हल बघायची, मग झिरो, मग घनता. आणि करंट ४ च्या बराच खाली गेला, तर टाकी नव्हे, वायर किंवा सप्लाय तपासायचा.

विश्वेश्वरय्या खडकवासल्यावर थांबले नाहीत. दख्खनच्या कालव्यांवर पाणी वाटपासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा पूरनियंत्रणाची योजना त्यांनीच आखली. पुढे ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर आणि १९१२ ते १९१८ दिवाण होते. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणावरही असेच स्वयंचलित दरवाजे बसले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही फुटली आणि पुण्यात हाहाकार उडाला. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये ते गेले. प्रत्येक उपकरणाला एक रेंज असते आणि तो लोंढा सगळ्या हिशोबांबाहेरचा होता. ट्रान्समीटरचंही तसंच. शंभर टक्क्यांच्या वर खरी लेव्हल किती, हे तो सांगू शकत नाही. म्हणून मोठ्या टाक्यांना हाय लेव्हलचा वेगळा स्विच लावतात.

खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली गेली. आज तिथलं पाणी कालव्यानं दौंड आणि इंदापूरच्या शेतांपर्यंत जातं. उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे ठरवताना आजही पहिला प्रश्न एकच असतो: धरणात लेव्हल किती आहे?