शब्द भाषेचा, भांडण रक्ताचे

६ डिसेंबर म्हटले की आमची पावले चैत्यभूमीकडे वळतात. याच तारखेला, १८२३ साली, जर्मनीतील डेसाऊ गावी फ्रेडरिक मॅक्समुल्लर यांचा जन्म झाला. ज्या ‘आर्य’ शब्दावरून आमच्या सभांत आजही आवाज चढतो, तो शब्द जगभर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणून त्यांचे आयुष्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

वडील विल्हेल्म मुल्लर हे नामवंत कवी. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तोच ते वारले. मॅक्समुल्लर लाइपझिगला संस्कृत शिकले. पुढे बर्लिनला बॉप यांच्याकडे आणि पॅरिसला बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक बर्नुफ यांच्याकडे गेले. १८४६ साली ते इंग्लंडला आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशावर त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद संपादित केला. १८४९ ते १८७४ या काळात त्याचे सहा खंड निघाले. जो वेद शूद्राच्या कानी पडणेही धर्मशास्त्राने गुन्हा ठरवले होते, तो छापून कोणाच्याही हाती येऊ शकला. मात्र हे वेदपंडित भारतात एकदाही आले नाहीत.

१८६० साली ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापकपद मोनियर विल्यम्स यांना मिळाले. मॅक्समुल्लर यांना १८६८ मध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे अध्यासन मिळाले. संस्कृत, इराणी, ग्रीक, लॅटिन, जर्मन या भाषा एका कुळातल्या, आणि त्या कुळाला ते ‘आर्य’ म्हणत. येथवर ठीक होते. पण सुरुवातीच्या लेखनात ते भाषेच्या नात्यावरून रक्ताच्या नात्यावर घसरले. युरोपातील वंशवाद्यांना हेच हवे होते. इकडे उच्चवर्णीय स्वतःला राज्यकर्त्या इंग्रजांचे भाऊबंद समजू लागले. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हाच अभिमान उलटवला आणि आर्यभटांना बाहेरून आलेले आक्रमक ठरवले.

मॅक्समुल्लर यांनी १८८८ च्या पुस्तकात बजावले, की आर्य ही भाषेची संज्ञा आहे. तिच्यावरून रक्त, कवटी वा केसांचा रंग ठरवणे अशास्त्रीय आहे. पण तीर सुटला होता. २८ ऑक्टोबर १९०० रोजी ते ऑक्सफर्डला वारले. १९३३ साली त्यांच्याच मायदेशी ‘अनार्य’ ठरवून ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला. त्या वाटेचा शेवट छळछावण्यांत झाला.

बाबासाहेबांनी हा सापळा ओळखला होता. शूद्र पूर्वी कोण होते, या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातील ‘आर्य’ शब्दाचे सर्व उल्लेख तपासले, मॅक्समुल्लर यांच्या खुलाशाचाही आधार घेतला आणि आर्यवंशाचा सिद्धांत फेटाळला. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापाचे आकडे तपासून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशांचे ठरत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात मध्य आशियाकडील गवताळ प्रदेशातून लोक येथे आल्याचे दिसते. पण ते येथल्यांत मिसळले. शुद्ध रक्ताचा कोणीच उरला नाही.

तरीही आमच्यातले काहीजण आर्य-अनार्य रक्ताच्या भाषेत बोलतात. त्यांचा संताप आम्हाला समजतो. पण जात रक्तात असेल तर ती निसर्गाची ठरेल, आणि निसर्गाचे निर्मूलन करता येत नाही. जात माणसांनी, ग्रंथांनी आणि विवाहाच्या बंधनांनी घडवली, म्हणूनच ती मोडता येते. बाबासाहेबांचा सारा लढा या पायावर उभा आहे. तो पाया आम्हीच उकरायचा काय?

मॅक्समुल्लर यांनी १८८१ साली धम्मपद इंग्रजीत आणले. तेथे आर्य ठरतो तो प्राणिमात्राला इजा न करणारा. जन्माने कोणीही नाही. आम्ही चार आर्यसत्ये म्हणतो, आर्य अष्टांगिक मार्ग म्हणतो, ते याच अर्थाने. आमच्या भाषणांतही हाच अर्थ आला पाहिजे.