कासिम रझवी

सय्यद कासिम रझवी (मृत्यू: जानेवारी १९७०, कराची) हे हैदराबाद संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्ष व रझाकार या सशस्त्र दलाचे प्रमुख होते. अलीगढ येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी लातूर येथे वकिली केली. लातूर, मुखेडसह संपूर्ण मराठवाडा तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता.

दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही ध्वज फडकविण्याच्या व बंगालच्या उपसागराच्या लाटांनी निजामाचे पाय धुण्याच्या त्यांच्या घोषणा गाजल्या. चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेल्या संस्थानात केलेल्या या वल्गना हास्यास्पद वाटत. खेड्यापाड्यांतील रझाकारांची दहशत मात्र खरी होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये रझाकारसमर्थक जमावाने निजामाच्या शिष्टमंडळातील सदस्यांची घरे वेढून त्यांचे दिल्लीस जाणे रोखले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्यांवर हल्ले झाले. रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. रझवी यांना अटक होऊन कारावासाची शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले.