संशोधक बाबासाहेब आणि चाळीसगावचा टांगा

अकोले तालुक्यात सर्वेक्षणाला गेलं की पहिला प्रश्न फॉर्ममध्ये नसतो. गावात बसायचं कुठे, हा तो प्रश्न. बहुतेक वेळा खुर्ची एखाद्या पुढाऱ्याच्या ओट्यावर मांडली जाते, चहाही तिथेच येतो. वस्तीवरची माणसं अंगणात उभ्यानेच उत्तरं देतात आणि आपण ती ‘माहिती’ म्हणून लिहून घेतो. समाजशास्त्रात एम.ए. करूनही यातली गफलत मला उशिरा कळली. ती कळली बाबासाहेबांच्या एका प्रवासामुळे.

घटनाकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. त्याआधीपासून ते संशोधक होते. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीबाहेर लग्न करू न देण्यामुळे, ही मांडणी त्यांनी वयाच्या २५ व्या वर्षी केली. १९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींचा प्रश्न तपासला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी हलका केला पाहिजे, असं त्यांनी दाखवलं. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली.

पण पदवीने जात पुसली नाही. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकलण्यात आलं.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये खानदेशातलं काम आटोपून ते एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला गेले. परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. २३ ऑक्टोबरला ते स्टेशनवर उतरले, तर महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायचा आपल्याच माणसाने. त्याला सवय नव्हती. नदीच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

सरकारी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, दोन विद्यापीठांचा विद्वान. तरीही टांगेवाल्याच्या लेखी तो खालचाच. विषमतेची चौकशी करणारा माणूस विषमतेच्या बाहेर उभा नसतो, हे त्या रस्त्यावर दिसलं. १९३० मध्ये समितीचा अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांच्या शिफारशी होत्या. आज अकोल्यातली महादेव कोळी, ठाकर आणि बौद्ध मुलं ज्या योजनांवर शिकतात, त्यांची मुळं अशा कामात आहेत.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. समाजकार्याच्या पदव्या घेणारी आपली मुलं-मुली आता संख्येने वाढत आहेत, याचा आनंद आहे. पण प्रबंधासाठी गावात जाल तेव्हा आधी ओट्यावरची खुर्ची नाकारा. वस्तीत जा, जमिनीवर बसा, तिथलं पाणी प्या. अहवालात लोक काय बोलले एवढंच लिहू नका, ते कुणासमोर बोलले आणि कुणासमोर गप्प राहिले तेही लिहा. बाबासाहेब मुक्कामाला महारवाड्यातच निघाले होते, एवढं लक्षात असू द्या.

जय भीम!