लोकनायक अणे : मतभेदाचे मोल

२६ जानेवारी हा दिवस साऱ्या देशाला प्रजासत्ताकाचा सोहळा म्हणून ठाऊक आहे. यवतमाळ जिल्ह्याला त्या दिवसाची आणखीही एक ओळख असावयास हवी. १९६८ साली याच तारखेस लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांनी वयाच्या ८७ व्या वर्षी इहलोकीची यात्रा संपविली. त्याच प्रजासत्ताकदिनाच्या सन्मानांत पद्मविभूषण म्हणून त्यांचे नाव होते. आज त्यांचे नाव रस्त्यांना आहे, विद्यालयांना आहे. जयंती-पुण्यतिथीस पुतळ्यांना हारही पडतात. परंतु बापूजींनी नेमके काय केले, असे एखाद्या सुशिक्षित तरुणास विचारले तर तो बहुधा निरुत्तर होतो. आणि ज्यांना थोडेबहुत ठाऊक असते ते एक अवघड प्रश्न उलट विचारतात : ज्या माणसाने गांधीजींच्या हाकेसरशी कायदा मोडून तुरुंग पत्करला तोच पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कसा बसला? ज्याने काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळले, त्यानेच काँग्रेसविरुद्ध निवडणूक कशी लढविली? या माणसाला स्थिर असे मत होते तरी काय? हा प्रश्न टाळून बापूजींचे पुण्यस्मरण करणे म्हणजे हार घालून मोकळे होणे होय. म्हणून आज त्याचाच विचार करू.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आज यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख त्या वेळी वणी जिल्हा या नावाने ओळखला जात असे. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी अमरावतीस शाळामास्तरकी केली आणि नंतर कायद्याची परीक्षा देऊन १९०८ च्या सुमारास यवतमाळास वकिली सुरू केली. संस्कृत हा त्यांचा जिवाचा विषय होता, आणि लोकमान्य टिळक हे त्यांचे दैवत होते. १९१६ साली लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा वऱ्हाडात तिचा झेंडा खांद्यावर घेणाऱ्यांत बापूजी आघाडीवर होते. सरकारकडून जे मिळेल ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, हे टिळकांचे प्रतियोगी सहकारितेचे सूत्र त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. त्यांच्या पुढील साऱ्या चरित्राची किल्ली या सूत्रात आहे.

लोकमान्य १९२० च्या ऑगस्टात गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची सूत्रे गांधीजींच्या हाती आली. कायदेमंडळांवरील बहिष्कार वऱ्हाड-मध्यप्रांतातील टिळकपंथीयांना मनापासून मानवला नाही. तथापि राष्ट्रसभेचा निर्णय तो आपला निर्णय, या शिस्तीने बापूजींनी १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसची धुरा वाहिली. बहिष्काराची लाट ओसरल्यावर स्वराज्य पक्षाने कायदेमंडळात जाण्याची वाट मोकळी केली आणि १९२४ पासून बापूजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून दिसू लागले. मात्र सभागृहात जाऊन केवळ अडवणूक करावयाची, हेही त्यांस पटेना. १९२६ साली अकोल्यास जयकर, केळकर, मुंजे आदी मंडळींनी प्रतिसहकार पक्षाची उभारणी केली, तीत अणे हे एक प्रमुख होते. मोतीलालजींशी समेटाचा यत्न झाला, तो फसला. तरीही दोनच वर्षांनी, १९२८ साली, हिंदी राज्यघटनेचा मसुदा करण्यासाठी जी नेहरू समिती नेमली गेली तीत मोतीलालजींच्या शेजारी अणे बसलेले दिसतात. मतभेदाने माणसे तुटू द्यावयाची नाहीत, हे त्या पिढीस साधले होते.

त्यांच्या दिल्लीच्या जागेविषयी एक गोष्ट आज फारशी कोणास आठवत नाही. वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. निजामाने तो इंग्रजांकडे सोपविलेला. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. नाममात्र धनीपण मात्र निजामाचे. यामुळे मध्यवर्ती कायदेमंडळातील वऱ्हाडचा सभासद मतदारांनी निवडावयाचा आणि मग सरकारने त्याची नेमणूक करावयाची, अशी विचित्र तऱ्हा होती. लोकांनी निवडलेला माणूस कागदोपत्री सरकारनियुक्त ठरे! आपला प्रांत कोणाचा, त्याचे भवितव्य कोण ठरविणार, हा प्रश्न बापूजींना पुस्तकातून शिकावा लागला नाही; सभागृहातील त्यांच्या आसनालाच तो चिकटलेला होता. उत्तरायुष्यात त्यांनी विदर्भाच्या स्वतंत्र राज्याचा जो आग्रह धरला त्याचे मूळ येथे शोधले पाहिजे.

१९३० साली गांधीजींनी दांडीस मीठ उचलले. यवतमाळास समुद्र कोठून असणार? परंतु येथे सागाची जंगले होती, गवताची कुरणे होती, आणि चराई व सरपण यांवरील सरकारी निर्बंधांनी गांजलेला शेतकरी व आदिवासी होता. म्हणून मिठाऐवजी गवत, असा मार्ग वऱ्हाडने काढला. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी विळा हाती घेऊन गवत कापले आणि त्यांस अटक झाली. पन्नाशीला पोचलेला, कायद्याचा जाणकार, सनदशीर मार्गाचा पुरस्कर्ता असा हा गृहस्थ बुद्धिपुरस्सर कायदा मोडून तुरुंगात गेला, याचा ग्रामीण वऱ्हाडावर केवढा परिणाम झाला असेल याची कल्पना करावी. सभागृहात बसणे जसे त्यांस वर्ज्य नव्हते, तसे ते सोडून रानात उतरणेही वर्ज्य नव्हते. दोन्ही साधनेच होती, प्रसंगानुरूप निवडावयाची.

पुढील तीन वर्षे त्यांच्यावरील काँग्रेसच्या विश्वासाची होती. बंगालमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्या गटांत तंटा विकोपास गेला, तेव्हा १९३१ साली निवाडा करण्यासाठी काँग्रेसने पाठविले ते अणे यांना. १९३३ साली, एकामागून एक नेते गजाआड होत असता, काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि सामुदायिक कायदेभंग स्थगित करण्याची अप्रिय घोषणा त्यांच्या नावाने निघाली. आणि लगेच पुढल्या वर्षी ताटातूट झाली. ब्रिटिश पंतप्रधानांनी १९३२ साली दिलेला जातीय निवाडा काँग्रेसने स्वीकारावयाचा नाही आणि धिक्कारावयाचाही नाही, असे ठरविले. राष्ट्राच्या ऐक्यालाच सुरुंग लावणाऱ्या प्रश्नावर राष्ट्रसभेने मौन धरावे, हे पंडित मालवीय व अणे यांस मान्य होईना. बापूजींनी कार्यकारिणीचा त्याग केला आणि १९३४ च्या ऑगस्टात मालवीयांसह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापिला. निवडणुकीत त्या पक्षाने बंगालमध्ये चांगले यश मिळविले. अणे स्वतः वऱ्हाडातून पुन्हा दिल्लीस गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सभागृहात जातीय निवाड्याचा प्रश्न सोडून इतर बहुतेक बाबतींत त्यांचा पक्ष काँग्रेसच्याच बाजूने उभा राही. भांडण एका प्रश्नापुरते होते. ते त्यांनी तेवढ्यापुरतेच ठेविले.

येथवरचा इतिहास त्यांच्या चाहत्यांस सांगावयास सोपा जातो. यानंतरचा जात नाही. १९४१ साली लॉर्ड लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि त्यात हिंदी सभासदांची संख्या प्रथमच युरोपियनांहून अधिक झाली. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते बापूजींनी स्वीकारले. टिळकांच्या सूत्रास ते धरूनच होते, असे म्हणता येईल. परंतु दहाच महिने लोटले आणि १९४२ चा ऑगस्ट उजाडला. गांधीजी व सारे काँग्रेसनेते पकडले गेले, ते ज्या सरकारच्या निर्णयाने त्याच्या मंडळात अणे होते. त्याच महिन्यात वणीहून फार दूर नसलेल्या चिमूर येथे लोकक्षोभ उसळला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि नंतर आलेल्या लष्कराने तेथील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या वार्तांनी सारा प्रांत हादरला. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीस बापूजींच्या दारी गेले आणि तेथेच उपोषणास बसले. आपल्याच मुलखातील आयाबहिणींची दाद लावून घेणे मंत्रिपदावरील बापूजींस साधले नाही. तरीही ते पदावर राहिले. हा त्यांच्या चरित्रावरील डाग आहे असेच आम्ही म्हणू. आतून काही भले करता येईल या आशेची किंमत केव्हा फार होते, हे ओळखण्यास त्यांस विलंब लागला.

विलंब लागला, पण ती वेळ त्यांनी ओळखलीच नाही असे मात्र नव्हे. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची प्रकृती खालावत असताही सरकार त्यांस मुक्त करीना. तेव्हा एका आठवड्याच्या आत होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले. ज्या गांधींशी त्यांचा वीस वर्षे मतभेद होता, त्यांच्या प्राणासाठी बापूजींनी साम्राज्यातील उच्चपद टाकले. नंतर त्यांनी सिलोनात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधित्व केले. स्वातंत्र्यानंतर ते घटना समितीत आले, आणि जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल होते. काँग्रेस सरकारने आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यास राजभवनात पाठविले, हे दोघांनाही भूषणावह होय.

राजभवनातून परतलेला वृद्ध पुढारी सामान्यतः आठवणी लिहितो. बापूजी चळवळीत उतरले. फाझल अली आयोगासमोर त्यांनी व ब्रिजलाल बियाणी यांनी विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची बाजू मांडली आणि १९५५ च्या अहवालात आयोगाने ती मान्यही केली. सरकारने मात्र विदर्भ आधी १९५६ च्या द्वैभाषिकात आणि मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट केला. या प्रश्नावर मराठी माणसांत तेव्हा दोन मते होती आणि आजही आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या त्यागास उणेपणा आणण्याचे कारण नाही. परंतु बापूजींचा विरोध मराठी भाषेस नव्हता. शासन जनतेच्या जवळ असावे, दूरच्या राजधानीत आपल्या कापसाचा, पाण्याचा, रस्त्याचा विचार दुसऱ्याच्या सवडीने होतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरने त्यांस लोकसभेत पाठविले आणि १९६२ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, पुन्हा निवडून दिले. १९२४ साली गोऱ्या सरकारसमोर ज्याने वऱ्हाडची गाऱ्हाणी मांडली तोच माणूस १९६७ पर्यंत स्वतंत्र भारताच्या संसदेत विदर्भासाठी उभा होता. मधली सारी खंडित वर्षे धरूनही, असा दीर्घ संसदीय प्रवास विदर्भातून क्वचितच कोणाचा झाला असेल.

या धकाधकीतही त्यांची संस्कृताची उपासना सुटली नाही. उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे चरित्र 'श्रीतिलकयशोर्णवः' या संस्कृत महाकाव्यात गुंफले. कवीच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९७३ साली, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आयुष्याच्या आरंभी ज्या गुरूचा हात धरला, अखेरीस त्याच्याच चरणी लेखणी वाहिली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बापूजींची ठिकाणे बदलली हे खरे. परंतु प्रत्येक बदलाची पावती त्यांनी चुकती केली. कार्यकारिणी सोडली ती सत्तेसाठी नव्हे. तसे केल्याने त्यांस अल्पसंख्य पक्षाचे बाक मिळाले. व्हाइसरॉयचे मंडळ सोडले तेव्हा मानाचे पद गेले. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळात त्यांनी काँग्रेसचा निरोप घेऊन मतदारांसमोर आपले म्हणणे उघडपणे ठेविले. प्रत्येक वेळी त्यांनी आधी आपले मत सांगितले, मग आसन सोडले, आणि मग लोकांकडे कौल मागितला. चुकलेही, १९४२ साली फार चुकले. पण मत बदलल्यावर जुन्या मतावर मिळालेले पद ते खिशात घालून बसले नाहीत.

आमच्या काळातील लोकप्रतिनिधींस या मापाने मोजावे म्हटले तर काय दिसते? पक्षांतरास आळा घालण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली, याहून बोलका पुरावा कोणता? त्या कायद्यातूनही वाटा शोधल्या जातात. गटच्या गट एका रात्रीत इकडचे तिकडे होतात आणि मतदारास दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते की आपला प्रतिनिधी आता दुसऱ्याच निशाणाखाली आहे. मतभेद हा दोष नव्हे. तो नसेल तर सभागृहाची गरजच काय? दोष आहे तो फुकटच्या मतभेदाचा, ज्याची किंमत प्रतिनिधी न देता मतदाराकडून वसूल करतो.

विदर्भाचा प्रश्नही जेथल्या तेथेच आहे. २००० साली तीन नवी राज्ये झाली, २०१४ साली तेलंगण झाले. निवडणुकीपूर्वी विदर्भाचे गोडवे गाणारे पक्ष सत्तेवर येताच गप्प होतात. राज्य वेगळे व्हावे की न व्हावे, याविषयी वाचकांनी आपापले मत अवश्य ठेवावे. परंतु ज्या जिल्ह्याच्या कापूसउत्पादकाचे नाव देशाला आता त्याच्या आत्महत्यांमुळे कळते, त्या जिल्ह्याने आपल्या प्रतिनिधीस एवढे तरी विचारावे : या प्रश्नावर तुमचे मत काय, आणि त्या मतासाठी आसन सोडण्याची वेळ आली तर तुम्ही ते सोडाल काय? बापूजींनी या प्रश्नाचे उत्तर आयुष्यात एकाहून अधिक वेळा दिले. त्यांच्या पुतळ्यास हार घालण्यासाठी जे हात पुढे येतील त्यांनी निदान एकदा तरी ते द्यावे, हेच लोकनायकांचे खरे स्मरण ठरेल.