चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके आणि हरवलेली रिळे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सेक्रेटरींचा निरोप आला तेव्हा मी गोध्र्याच्या बाजूला लाइनवर होतो. ब्लॉक मिळायला तासभर अवकाश होता. गँगचे लोक सावलीला बसले होते आणि मी विचार करत होतो की आपण काय लिहिणार, आपण ना लेखक ना प्राध्यापक. मग लक्षात आले की बडोदा, गोध्रा आणि आपले रतलाम ही ज्या लाइनवरची तीन गावे, त्याच तीन गावांत एका मराठी माणसाची उमेदवारीची वर्षे गेली आहेत, आणि तो माणूस म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. आपल्यापैकी अनेकांनी २००९ साली आलेला परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिला असेल. पण दादासाहेब आपल्या गावात शिकून गेले आहेत हे मला स्वतःला येथे बदली होऊन चार वर्षे झाल्यावर कळले. म्हणून हा प्रपंच.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाला चित्रकलेची ओढ होती. वेदशास्त्र शिकवायचे सोडून वडिलांनी त्याला १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाऊ दिले, ही त्या काळच्या शास्त्रीबुवांच्या मानाने मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. पुढे १८९० मध्ये धुंडिराज बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात तेव्हा कलाभवन नुकतेच उघडले होते. तेथे त्यांनी तैलचित्रे, जलरंग, वास्तुशास्त्र, मूर्तिकाम असे बरेच काही शिकून घेतले आणि फोटोग्राफीचे वेड लावून घेतले. हेच कलाभवन पुढे बडोदा विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झाले. आम्हा डिप्लोमावाल्यांना हे ऐकून बरे वाटते, कारण दादासाहेबही हातात हत्यार धरून शिकलेले होते.

कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या विद्यार्थ्याची चुणूक ओळखली आणि त्याला रतलामला बाबुलाल वरुवळकर यांच्याकडे धाडले. तेथे ते तीन रंगांचे ब्लॉक तयार करणे, फोटोलिथो आणि डार्करूममधील छपाईची कामे शिकले. आम्हा रेल्वेवाल्यांना ब्लॉक म्हटला की गाड्या थांबवून मिळालेला वेळ आठवतो. दादासाहेबांचा ब्लॉक छपाईचा. चित्र ब्लॉकवर एकदा उतरवले की त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात, आणि एखादी फाटली तर दुसरी काढता येते. हे तंत्र त्यांनी आपल्या गावात हाताखाली घातले. पुढे सांगायच्या गोष्टीसाठी एवढे ध्यानात असू द्यावे.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तो फारसा चालला नाही. १९०० सालच्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोगही शिकून घेतले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला, त्या सरस्वतीबाई. दुसऱ्या वर्षी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. तीही १९०६ मध्ये सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले. १९०९ मध्ये छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले, पण भागीदारांशी पटले नाही आणि तेही सुटले. चाळिशी उलटलेला, घर-संसार असलेला, हातात कामधंदा नसलेला गृहस्थ. आपल्या ओळखीत असा कोणी असता तर आपण त्याला काय सल्ला दिला असता ते सांगायला नको.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत गिरगावच्या एका तंबूतील थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालतो तर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. मग मिळेल तो चित्रपट रोज पाहायचा असा सपाटाच लावला. इतका की डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला रवाना झाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले.

पैसे लावायला सावकार तयार नव्हते. त्यांना पटवण्यासाठी दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोवून महिनाभराहून जास्त काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, आणि सगळे एका मिनिटात. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. मला स्वतःला दादासाहेबांच्या सगळ्या कामात हा वाटाणा फार आवडतो, कारण यात देव नाही, चमत्कार नाही, फक्त चिकाटी आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो दादरच्या बंगल्यात. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यामागे दादासाहेब होते हे सर्वांना ठाऊक असते, पण सरस्वतीबाईंचे नाव घेतले जात नाही. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्यांनीच केले. भोकांमधील अंतर चुकले तर चित्र पडद्यावर नाचते. आमच्या गेजसारखेच ते, चूक चालत नाही. ऊन परतवायला पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहत, रासायनिक द्रव मिसळणेही शिकल्या. दागिने मोडले ते वेगळेच. चित्रपटाचे जनक ही पदवी दिली तर जननीचाही उल्लेख स्मरणिकेत व्हावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. लांबी ३,७०० फूट, रिळे चार. (दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ चा, त्यामुळे पहिला कोण यावर वाद आहे. त्यात मी शिरत नाही.) लोकांनी गर्दी केली. मग नाशिकला मुक्काम हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ केला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले, आणि बाईची भूमिका बाईनेच करण्याची सुरुवात झाली. ‘सत्यवान सावित्री’ १९१४ चा. त्या वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि पैशाचे सोंग आणता येईना.

आता मुख्य गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ची प्रत गावोगाव बैलगाडीतून फिरून, उन्हातान्हात तापून नष्ट झाली असे सांगितले जाते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती आपोआप सडते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. दादासाहेबांनी काय करावे? १९१७ मध्ये तीच कथा घेऊन त्यांनी ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने चित्रपट पुन्हा केला. छापखान्यातल्या माणसाने नवी प्रत काढावी तसे ते निघाले खरे, पण हा ब्लॉक नव्हता. माणसे चार वर्षांनी मोठी झालेली, ऊन वेगळे, जागा वेगळी. जे पुन्हा तयार झाले ते दुसरेच काहीतरी होते.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’चे आज फक्त पहिले आणि शेवटचे रीळ आहे, मिळून सुमारे १,४७५ फूट. सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो तो प्रसंग आपण टीव्हीवर कधी ना कधी पाहिलेला असतो आणि हा भारताचा पहिला चित्रपट असे खाली लिहिलेले असते. काही इतिहासकारांच्या मते ही रिळे १९१३ ची नसून १९१७ ची आहेत. म्हणजे ज्याची शताब्दी आपण २०१३ मध्ये साजरी केली, त्याची एक फूटही फिल्म कदाचित शिल्लक नाही. हे वाचले तेव्हा मला झोप लागली नाही. आमच्याकडे पुलाचे ड्रॉइंग बदलले की जुन्यावर रद्द असा शिक्का मारतात, पण ते फेकत नाहीत. पाया खरा कसा घातला होता ते जुन्यातच असते. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या पुलाचे मूळ ड्रॉइंग न सापडल्याने पाया किती खोल आहे ते खणून पाहावे लागले होते. दोन महिने गेले. पुलाला निदान खणून पाहता येते. आमच्या कॉलनीतली मुले वर्ल्ड कप आला की रात्र रात्र जागतात, आणि त्यांच्या जन्माआधीचा, १९८६ सालचा मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा गोल त्यांना पावलापावलाने पाठ आहे, कारण तो जपून ठेवलेला आहे. दाबक्यांचा १९१३ चा हरिश्चंद्र कसा चालत होता हे कोणीच पाहू शकत नाही.

१९१७ हे वर्ष तसे भरभराटीचे. ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, आणि उत्पन्न इतके आले की नाणी बैलगाडीतून न्यावी लागली अशी आख्यायिका आहे. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ यांत कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पुन्हा भागीदारांशी बिनसले. दादासाहेब कुटुंबासह काशीला जाऊन राहिले, तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, आणि मग परत कंपनीत आले. १९३१ मध्ये बोलपट आला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूरसाठी केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा. सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट अशी त्यांच्या कामाची मोजदाद करतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांतले तीसही उरलेले नाहीत. बरेचसे फिल्ममधल्या चांदीसाठी विकले आणि वितळवले गेले. दादासाहेबांचे जे काही उरले त्याचे मोठे श्रेय पुण्याच्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांना जाते. हे गृहस्थ केरळचे, पण मराठी माणसाची रिळे शोधत फिरले. फाळके कुटुंबाकडून मिळालेले तुकडे आणि दादासाहेबांच्या टिपणांची वही यांच्या आधारे त्यांनी ‘कालिया मर्दन’ जुळवला. आज तोच त्यांचा सर्वांत जास्त शिल्लक असलेला चित्रपट आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळांच्या कोठारांना आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळाली. प्रती निघालेल्या होत्या ते चित्रपट तेवढे राहिले. नायर साहेब मार्च २०१६ मध्ये गेले.

कमिटीने परवानगी दिली आहे, तेव्हा उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर सभागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली दोन रिळे दाखवायची आहेत. वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे, त्यानंतर ‘कालिया मर्दन’चा सुरुवातीचा भाग, ज्यात चिमुकली मंदाकिनी चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते. आवाज नाही, त्यामुळे पेटीवर साथ करायला कोणी तयार असेल तर मला आधी सांगावे. लहान मुलांना पुढच्या सतरंजीवर बसवू, ज्येष्ठांसाठी खुर्च्या मागे लावल्या आहेत.