रक्तगटांचे संशोधक : कार्ल लँडस्टायनर

लातूरच्या रक्तपेढीत कोणी रक्तदान करावयास गेला, की प्रथम त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. प्रत्येक थेंबात वेगवेगळा द्रव मिसळतात. एखादा थेंब जसाच्या तसा राहतो, तर एखाद्यात नासलेल्या दुधासारखे बारीक कण दिसू लागतात. तेवढ्यावरून त्या माणसाचा रक्तगट कळतो. काम दोन मिनिटांचे. परंतु ते ठाऊक नव्हते तोवर एकाचे रक्त दुसऱ्यास देणे म्हणजे जिवाशी खेळ होता. १६६७ साली फ्रान्समध्ये तर कोकराचे रक्त माणसाच्या शिरेत घालून पाहिले गेले! पुढे माणसाचेच रक्त देऊ लागले, तरी कोणी रोगी उठून बसे आणि कोणी हुडहुडी भरून प्राण सोडी. असे का होते, ते कार्ल लँडस्टायनर यांनी शोधून काढले.

कार्लचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील नामांकित वृत्तपत्रकार होते. पण कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईने त्याला वाढविले. मायलेकरांचा एकमेकांवर फार जीव. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला ठसा लँडस्टायनर यांनी अखेरपर्यंत आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला होता.

१८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पदवी मिळाली, की दवाखाना थाटावयाचा, ही जगाची रीत. लँडस्टायनर मात्र पुन्हा विद्यार्थी झाले. जर्मनी व स्वित्झर्लंड येथील प्रयोगशाळांत त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. शरीरातील कोड्यांची उत्तरे रसायनशास्त्रातच सापडतील, असे त्यांना वाटे. परत आल्यावर त्यांना शवचिकित्सेचे काम मिळाले. सुमारे दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवांची तपासणी केली. काम कंटाळवाणे होते, परंतु उरलेल्या वेळात त्यांचे स्वतःचे प्रयोग चालत.

परक्या माणसाच्या रक्तरसात तांबड्या पेशी मिसळल्या, तर कधी कधी त्यांचे पुंजके होतात, हे काही जणांनी पूर्वीच पाहिले होते. तो रोगाचा परिणाम असावा, असे त्यांना वाटे. लँडस्टायनर यांनी अगदी साधी युक्ती केली. रोग्यांना बाजूस ठेवून त्यांनी आपले धडधाकट सहकारीच बोलाविले आणि स्वतःचेही रक्त काढले. प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या रक्तरसात मिसळून त्यांनी कोष्टक मांडले. कोष्टकात गोंधळ नव्हता, नियम होता! काहींच्या पेशींवर एक खूण होती, तिला त्यांनी ‘ए’ म्हटले. काहींच्या पेशींवर दुसरी होती, ती ‘बी’. काहींच्या पेशींवर दोहोंपैकी एकही नव्हती. लँडस्टायनर यांचे स्वतःचे रक्त याच तिसऱ्या प्रकारचे निघाले. ज्याच्या पेशींवर जी खूण नाही, तिच्याविरुद्धचे द्रव्य त्याच्या रक्तरसात असते. म्हणूनच परके रक्त कधी जुळते, कधी घात करते. हा शोध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही खुणा असलेला चौथा गट, ‘एबी’, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. तिसऱ्या गटास पुढे ‘ओ’ हे नाव मिळाले. जर्मन भाषेत तर त्याला शून्यच म्हणतात.

एवढा मोठा शोध, पण बराच काळ त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रक्त जुळवून देण्यास आरंभ झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचे मोल जगाला कळले.

या खुणा मुलांना आईबापांकडून मिळतात. प्रत्येक मुलास आईकडून एक व बापाकडून एक असे दोन वाटे येतात. ‘ए’ आणि ‘बी’ हे वाटे उघड दिसतात. ‘ओ’चा वाटा त्यांच्याआड लपून राहतो. आईबाप दोघेही ‘ए’ गटाचे असून मूल ‘ओ’ निघते, ते यामुळेच. दोघांनीही आपला लपलेला वाटा त्याला दिलेला असतो. वारशाचा हा हिशोब १९२४ मध्ये बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने बिनचूक मांडला.

महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नाचे आणि सरपणाचेही हाल झाले. १९१९ मध्ये लँडस्टायनर पत्नी व लहान मुलासह हॉलंडला गेले आणि तेथील एका छोट्या रुग्णालयात काम करू लागले. १९२३ मध्ये त्यांना अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तरी हा अबोल माणूस प्रयोगाच्या मेजावरून हलला नाही. १९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, वीनर यांच्यासह त्यांनी ‘आरएच’ ही आणखी एक खूण जगापुढे मांडली. रक्तगटापुढे आपण ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ म्हणतो, ते तिच्यावरूनच. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

‘ओ’ म्हणजे खरोखरच शून्य काय? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पश्चात मिळाले आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी लंडनच्या शास्त्रज्ञांसह तीन माणसांच्या रक्ताची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या पेशींवर ‘ए’ नव्हते, ‘बी’ नव्हते. तरीही त्यांच्या रक्तरसात ‘ओ’ गटाच्या पेशींचेसुद्धा पुंजके होत. म्हणजे ‘ओ’च्या पेशींवरही काहीतरी होते, आणि या तिघांपाशी तेच नव्हते!

या खुणा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळ्या होत. साखळीच्या टोकाशी फ्युकोज नावाची शर्करा जोडली गेली, की ‘एच’ ही खूण तयार होते. तिच्यावर आणखी एक शर्करा चढली, की ‘ए’ बनते. वेगळी चढली, की ‘बी’. काहीच चढले नाही, तर नुसती ‘एच’ उरते, आणि तोच आपला ‘ओ’ गट. मुंबईच्या त्या माणसांत हा पायाच घातला गेला नव्हता. आई व बाप या दोघांकडूनही तसा सदोष वाटा आला, तरच असे घडते. म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव अधिक. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई रक्तगट म्हणतात. त्याच्या माणसास फक्त त्याच गटाचे रक्त चालते, आणि आपल्या देशात असा माणूस सुमारे दहा हजारांत एखादाच असतो.

काचेच्या पट्टीवर मात्र हे रक्त हुबेहूब ‘ओ’सारखे दिसते. म्हणून रक्तपेढीत केवळ पेशी तपासून थांबत नाहीत. माणसाचा रक्तरसही ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळून, पुंजके होतात की काय, ते पाहतात.