नागावचे केरूनाना आणि जवळचा आकडा

अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे पंधराव्या वर्षी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी.

ग्रहगणितात माहीत असलेल्या जागेवरून जवळची जागा काढावी लागते. ९ चे वर्गमूळ ३. तिथे वर्गमूळ संख्येतल्या वाढीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढते, म्हणून ९.०६ चे वर्गमूळ सुमारे ३.०१. खरे उत्तर ३.००९९८. उरलेला फरक पुढची पदे भरून काढतात. हीच ब्रुक टेलर यांनी १७१५ मध्ये मांडलेली श्रेणी. तापाच्या तक्त्यावरून पुढच्या तासाचा अंदाज बांधता येतो, पुढच्या आठवड्याचा नाही. तसेच इथेही मोजक्या पदांवर फार दूर जाता येत नाही.

जुन्या पंचांगांचे तसेच झाले होते. शतकांपूर्वीच्या आकड्यांवरून गणित पुढे रेटल्याने बारीक चुका साचल्या आणि पंचांग आकाशाशी जुळेना. केरूनानांनी नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये मराठीत आणली. त्यांच्या गणितावरचे पटवर्धनी पंचांग मात्र थोड्यांनीच स्वीकारले, कारण सणांच्या तिथी बदलणे लोकांना मानवेना. १८८४ मध्ये केरूनाना गेले. आज महाराष्ट्रात दृक्‌गणिताची पंचांगे सर्रास वापरली जातात.